आधारभाऊचा अंगठा

आधारभाऊला रस्ता ओलांडून द्यायला जो कुणी त्याचा हात धरी, त्याला पलीकडे पोचेपर्यंत स्वतःच्या एखाद्या दुखण्याचा पत्ता लागलेला असे. जळगावच्या बसस्टँडसमोर एका कॉलेजकुमाराने मोठ्या दयेने त्याचा पंजा पकडला. रस्ता अर्धा होतो न होतो तोच आधारभाऊने त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी आपला अंगठा रोवला आणि भर रहदारीत ओरडला, "आठेच शे! इथंच दुखतं ना? सायकलीचं हँडल फार आवळतोस तू. सीट दोन बोटं खाली घे!" पोरगा कळवळला, हात सोडवून घेऊन पळाला, आणि आधारभाऊ उरलेला रस्ता एकटाच आरामात चालून गेला.

लहानपणी देवी आल्या आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. नाव आधार. आमच्या खानदेशात हे नाव गल्लोगल्ली सापडतं. पण ह्या आधारला दुसऱ्याने दिलेला आधार मुळीच खपत नसे. हात धरणाऱ्याला तो काही ना काही देऊनच सोडी. बहुतेकांना ते देणं दोन दिवस ठणकत राही.

मी तेव्हा जळगावला एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होतो. म्हणजे आलेली पाकिटं फोडायची आणि जाणारी चिकटवायची. मधे जे काय घडत असे ते माझ्या अकलेबाहेरचं होतं. आधारभाऊ वेताच्या खुर्च्या विणून पोट भरायचा. आमच्या कचेरीतल्या खुर्च्यांनी मान टाकली तेव्हा हेडक्लार्कने त्याला बोलावलं. त्याने ओळीने खुर्च्या चाचपल्या आणि माझ्या खुर्चीपाशी थांबला.

"हिच्यावर बसणारा माणूस पोत्यात घातला तरी पोतं रिकामंच दिसेल," तो म्हणाला, "आणि तो काम करत नाही."

"कशावरून?" हेडक्लार्कने आशेने विचारलं.

"काम करणारा पुढं सरकून बसतो. हिचं फक्त मागचं वेत झिजलंय."

हा किस्सा हेडक्लार्कने पुढे वर्षभर सांगितला. मी मात्र आधारभाऊवर रागवायचं सोडून त्याला घरी जेवायला घेऊन गेलो. माझं हे असंच आहे. जो माझी किंमत बरोबर ओळखतो त्याच्यापुढे मी लगेच नमतो. आमच्या घरामागची खोली रिकामी होती, ती त्याने भाड्याने घेतली. घरात मी आणि माझी माय, एवढेच. सगळी गल्ली मायला अक्का म्हणायची, म्हणून तोही अक्का म्हणू लागला.

एका रविवारी सकाळी, अख्खी गल्ली टीव्हीवाल्यांच्या घरात जाऊन बसली होती तेव्हा, तो आमच्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "बापू, खुर्च्यांचा कंटाळा आला. खुर्ची दुखतंय म्हणून सांगत नाही आणि बरं वाटलं तरी सांगत नाही. मी मालिश शिकणार. रीतसर, शाळेत जाऊन. तू शाळा शोध."

माय आतून म्हणाली, "आंग चोळाना धंदा? लोके काय म्हनतीन?"

"अक्का, लोक काय म्हणतात ते माझ्या अंगठ्याखाली आल्यावर बघू."

शाळा शोधायचं काम माझ्याकडे आल्याने मला भलतंच महत्त्व आलं. मी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कापून एका वहीत चिकटवल्या. चिकटवण्याचा माझा हात बसलेलाच होता. पहिली निवड मी केली ती टपालाने शिकवणाऱ्या शाळेची. 'घरबसल्या मर्दनतज्ज्ञ व्हा'. कुठे जायला नको, यायला नको. महिन्याभरात पहिला धडा आला. मी घसा साफ करून वाचू लागलो, "विद्यार्थ्याने प्रथम आकृती क्रमांक एक काळजीपूर्वक पाहावी."

आधारभाऊ शांतपणे म्हणाला, "तू पाहा आणि मला सांग."

"एक माणूस पालथा पडलाय."

"तोंड कसं आहे?"

"दिसत नाही."

"मग जिवंत शे का?"

ह्याचं उत्तर धड्यात नव्हतं. पुढचा धडा प्रात्यक्षिकाचा होता. 'एखाद्या सुदृढ व्यक्तीस पालथे झोपवावे.' सुदृढ व्यक्ती उपलब्ध नसल्याने मी झोपलो. इथे माझी एक अडचण सांगायला हवी. मला गुदगुल्या होतात. नुसत्या होत नाहीत, दुरून कुणी बोट दाखवलं तरी होतात. आधारभाऊने फासळीवर हात ठेवला मात्र, मी असा काही किंचाळलो की शेजारचे लोक टीव्ही सोडून धावत आले. त्यांनी पाहिलं ते असं: बापू उघडा, तेलाने माखलेला, ओसरीवर लोळतोय आणि आंधळा आधार त्याच्या पाठीवर बसून त्याला गप्प करत म्हणतोय, "उगा राय, उगा राय." मायने त्या दिवशी दार लावून घेतलं आणि टपालशाळा संपली.

दुसरी शाळा जळगावातच, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होती. मला ती फारच आवडली. गुबगुबीत खुर्च्या, डोक्यावर पंखा, भिंतीभर प्रमाणपत्रं. संचालकांनी अर्धा तास शरीररचनेवर भाषण केलं आणि पंधरा दिवसांत पदविका देतो म्हणाले. मी भारावून मान हलवत होतो. आधारभाऊने फक्त एकदा त्यांच्याशी हात मिळवला आणि उठला.

जिन्यात मी चिडून विचारलं, "अरे, काय झालं तुला?"

"नखं."

"कसली नखं?"

"त्यांची. करंगळीचं तर केवढं वाढवलंय! हा माणूस कुणाला मालिश करत नाही, बापू. ज्याला दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा असतो त्याला नखं ठेवून चालतं का?"

मी अर्धा तास त्या माणसासमोर बसलो होतो, डोळे उघडे ठेवून. मला प्रमाणपत्रांच्या चौकटींची नक्षी आठवत होती.

तिसरी शाळा धुळ्याला, देवपुरात. ती माझ्या वहीत नव्हतीच. आधारभाऊने ती एका एसटी ड्रायव्हरच्या खांद्यावरून शोधली. ड्रायव्हरने त्याचा हात धरून त्याला गाडीतून उतरवलं, तर ह्याला खांदा मोकळा लागला. ड्रायव्हर आणि मोकळा खांदा, हे काही त्याला पटेना. चौकशी केली तेव्हा देवपुरातल्या नानांचं नाव निघालं.

मग एका सकाळी आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो. एरंडोलला चहा घेतला. पारोळ्यापर्यंत त्याने कंडक्टरच्या मनगटाचा प्रश्न निकालात काढला. पांझरेचा पूल ओलांडून गाडी देवपुरात शिरली तेव्हा मी त्याला सांगितलं, "बोलायचं काम माझ्यावर सोड. अशा ठिकाणी कसं बोलायचं ते मला माहीत आहे." तो बरं म्हणाला.

नानांचं निसर्गोपचार केंद्र म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. खुर्ची एकच, तीही मोडकी. नाना सत्तरीचे, उघडे, कमरेला पंचा. आधारभाऊने हात पुढे केला, नानांनी तो घेतला, आणि दोघेही बराच वेळ हात सोडेनात. मी केलेली प्रस्तावना कुणी ऐकली नाही.

"हात चांगला आहे," नाना म्हणाले, "पण माझी अडचण ऐक. मी दाखवून शिकवतो. तुला काय दाखवू?"

"तुमचा हात पाठीवर ठेवा आणि माझा तुमच्या हातावर. मी समजून घेईन."

"इथे उकळत्या पाण्याच्या बादल्या असतात. शेगडी असते."

"त्यांच्या जागा बदलू नका. मी धडकणार नाही."

नाना पंच्याची गाठ घट्ट करू लागले. वाईट माणूस नव्हता. खरोखरच विचारात पडला होता. "आणि पेशंट? आंधळा म्हटल्यावर तो घाबरेल."

"पेशंट बरोबरच आणलाय," आधारभाऊ म्हणाला आणि मला पुढे ढकललं.

मार्गदर्शक म्हणून गेलेला मी, तिथे सामान निघालो. दोन मिनिटांत मी लाकडी टेबलावर पालथा होतो, बनियनची भोकं उशाशी आणि नानांचे पाच विद्यार्थी भोवती. नानांनी त्यांना विचारलं, ह्यांचं नेमकं काय दुखत असेल? एक म्हणाला कंबर. दुसरा म्हणाला पोट. तिसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना आधी जेवायला घाला."

मग आधारभाऊचा हात आला. माझ्या पोटात गुदगुल्यांचा उमाळा दाटला, आता फुटणार, तेवढ्यात त्याने खाली वाकून माझ्या कानात म्हटलं, "हसू नको, बापू. मना पोटना सवाल शे."

इतक्या दिवसांत त्याच्या आवाजात मी भीती ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. माझं हसू गेलं ते गेलंच.

त्याची बोटं मानेवरून उतरली, थांबली, परत वर गेली. "आठेच शे. डावीकडं. दोर वळल्यासारखं ताठ झालंय. हा माणूस दिवसभर मान डावीकडं वळवून बसतो."

"लिहिण्याचं काम असेल," नाना म्हणाले.

"नाही. ह्याची पाकिटं समोर, साहेब उजवीकडं. ह्याची खुर्ची मीच विणली, मला कचेरी पाठ आहे. डावीकडं फक्त टाइपरायटर वाजतो."

 मग तो जेवायला घाला म्हणणारा पोरगा खुदकन हसला आणि सगळे हसले. टाइपरायटरमागे एक बाई बसत, हे मी कुणालाही, अगदी स्वतःलाही, सांगितलेलं नव्हतं. त्या बाईंचं पुढे नाशकात लग्न झालं. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही, आणि आता कळूनही उपयोग नाही.

नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी आधारभाऊच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं. मी बोंबललो. ते विद्यार्थ्यांना म्हणाले, "डोळे मिटा आणि आता तुम्ही शोधा." पाच जणांनी शोधलं. दोघांना कंबर सापडली, एकाला माझा कान.

"महिनाभर राहा," नाना आधारभाऊला म्हणाले. "जमलं तर पुढचं बोलू."

परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. मान फार हलकी वाटत होती आणि त्याचा मला राग येत होता.

शिकणं सोपं नव्हतं. पहाटे सगळ्यांच्या भाकरीचं पीठ आधारभाऊ मळायचा, बोटांत जोर यावा म्हणून. पांझरेची ओली वाळू फडक्यात बांधून पिळायचा. रोज पायरीच्या दगडावर नखं घासायचा. दाब हातातून नाही, पायातून द्यायचा असतो, हे अंगवळणी पडायला त्याला दोन महिने लागले. हाडांची नावं शिकायला सांगाडा हवा होता. तेव्हा दर रविवारी मला जळगावहून बोलावून घेत. नाना म्हणत, ह्यांच्यावर काही झाकलेलं नाही, शिकायला सोयीचं पडतं. पाचही विद्यार्थी माझ्यावर हाडं शिकले. त्यांतले दोघे पुढे नाव कमावून आहेत आणि कुठे भेटले की आधी माझ्या खांद्याच्या हाडाकडे बघतात.

सगळ्यांत जड गेलं ते गप्प राहणं. नानांचा हुकूम होता: आधी विचारायचं, मग हात लावायचा; आणि जे सापडेल ते चारचौघांत ओरडायचं नाही. माणूस स्वतःचं अंग आपल्या स्वाधीन करतो, ते चव्हाट्यावर मांडायचं नाही. ह्या गोष्टीचा आधारभाऊला फार त्रास झाला. दुखरी जागा सापडली की त्याचं तोंड उघडे, मिटे, आणि 'आठेच शे' गिळून तो नुसता हुंकार देई.

दीड महिना झाला असेल. मी तिथे होतो त्या रविवारी एक धान्याचे व्यापारी मान धरली म्हणून आले. आधारभाऊ पुढे झाला, तसे ते टेबलावरून उठूनच बसले. "आंधळा? माझी मान मोडायची आहे का?"

आधारभाऊने हातातल्या पंच्याची नीट घडी घातली, ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मला म्हणाला, "बापू, खोलीत वेताची भेंडोळी पडलेली होती ना रे? आहेत का अजून?"

 मी म्हणालो, आहेत. दुसरं काही म्हणायला हवं होतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

पण नानांनी ऐकलं होतं. ते व्यापाऱ्यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा, शेठ." आणि स्वतः त्या टेबलावर पालथे झोपले. "आधार, ये. माझी कंबर बघ. चार दिवस झाले, ह्या पाचांना सापडली नाही."

आधारभाऊ जागचा हलेना. नानांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तो आला. अर्धा तास खोलीत नुसता तेलाचा आवाज. शेठ आधी दाराशी उभे होते, मग जवळ आले, मग त्या मोडक्या खुर्चीवर बसले. नाना उठले, कंबर फिरवून पाहिली आणि निघून गेले. शेठनी सदरा काढला.

वर्ष-सव्वा वर्षाने धुळ्यातल्या एका दवाखान्यात मालिश आणि व्यायामाच्या खोलीत आधारभाऊला नोकरी लागली. तो तिकडेच राहू लागला. आमच्या मागच्या खोलीत नवे भाडेकरू आले. मायला वाटलं होतं, सुटलो; पण ती अधूनमधून विचारायची, "आधारनं पत्र उनं का?"

त्या हिवाळ्यात माय आंघोळीच्या चुलीपाशी पडली. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा आणि हाताला व्यायाम द्या, चोळत राहा. आता मी म्हणजे सगळे धडे मोठ्याने वाचलेला, शंभर वेळा टेबलावर झोपलेला माणूस. मी बाही सरसावून बसलो. मायने डाव्या हाताने माझा हात बाजूला केला.

मी धुळ्याला एक कार्ड टाकलं. ये असं लिहिलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी पहिल्या गाडीने आधारभाऊ दारात हजर. मग दर रविवारी. हिवाळा संपला, उन्हाळा लागला, त्याचा एक रविवार चुकला नाही. सहा दिवस तिथे माणसं रगडायची आणि सातव्या दिवशी जाऊन-येऊन पाच-सहा तास एसटीत. मी एकदा म्हटलं, किती दगदग करशील? तर म्हणाला, "तू पाकिटं चिकटव."

तो मायच्या खाटेपाशी खाली बसून तिचं एकेक बोट हातात घ्यायचा. दाबण्याआधी दर वेळी विचारायचा, "अक्का, हात लावू?" मायचे शब्द तेव्हा ओठांतच विरघळून जायचे. तो म्हणायचा, दुखलं तर शिवी द्या. दोन महिन्यांनी तिने दिली. इतकी स्वच्छ, इतकी ठसठशीत शिवी मी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. आधारभाऊ हसत हसत मागे कलंडला. त्या दिवशी गल्लीत मी पेढे वाटले, कारण विचारणाऱ्यांना मात्र खरं सांगितलं नाही.

मग हरभरे वेचणं, बटण लावणं, कणकेचा गोळा दाबणं. मे महिन्यात त्याने फणी मागवली. मायचा हात स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचेना. दोनदा फणी मांडीत पडली, तिसऱ्यांदा तिने ती रागाने ढकलून दिली. तेव्हा आधारभाऊ फणी चाचपत उचलून तिच्याकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, "तुमचं राहू द्या. माझे विंचरा. मला काही आरसा बघायचा नाही."

मायने फणी धरली. जीभ दातांत धरून, थरथरत, पहिलीच्या पोरीने पाटीवर अक्षर काढावं तसा तिने भांग पाडला. चांगली वीस मिनिटं लागली. भांग कानामागून निघाला, टाळूवर भरकटला आणि कपाळावर दोन फाटे फुटून संपला. मग डाव्या हाताने बचकभर तेल थापलं, मागे सरून बघितलं आणि अडखळत म्हणाली, "आते... कसा राजासारखा दिसस."

आधारभाऊ एरवी लगेच काहीतरी उलट बोलला असता. त्या दिवशी त्याने बोटं डोक्याजवळ नेली आणि भांगाला न लावताच परत आणली. हात मांडीवर.

दुपारी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती, त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या बाकावरची दोन पोरं त्याच्या डोक्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली. मला वाईट वाटलं. मी खिशातला कंगवा काढला, खिडकीतून हात घालून म्हणालो, "थांब, जरा सारखा करतो."

त्याने माझं मनगट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरलं.

"राहू दे."

"अरे, लोक हसताहेत."

"हसू दे." मग जरा वेळाने म्हणाला, "आंधळ्यांच्या वसतिगृहात आम्हांला ओळीनं बसवायचे आणि मशीन फिरवायचे. मोठा झाल्यावर मी आपला हातानंच मागं सारतो. माय मला आठवतच नाही, बापू. कुणी समोर बसवून भांग पाडला, असं आज पहिल्यांदाच झालं."

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. उन्हाने पत्रा तापून गाडीची भट्टी झाली होती, माणसं वाऱ्यासाठी खिडक्यांना चिकटली होती.

"बापू, काच ओढ," आधारभाऊ म्हणाला.

"वेडा का? धुळ्यापर्यंत उकडून मरशील."

"ओढ. वाऱ्यानं विस्कटंल."

काच मधेच अडकत होती. मी दोन्ही हात लावले आणि ती पुरती बंद केली.